अभिलेखांचे निंदणीकरण : दप्तरखान्यापासून लिनक्स सर्व्हरपर्यंत
(नंदुरबार जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : अभिलेख, निंदणीकरण, लॉग फाइल, लिनक्स, आधार, वनहक्क, नंदुरबार

प्रस्तावना :

नोंद करणे हा प्रशासनाचा प्राण मानला जातो. तथापि केलेली नोंद किती काळ ठेवावी आणि ती केव्हा नष्ट करावी, हा प्रश्न त्याच्याइतकाच जुना असूनही त्याकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. महाराष्ट्राच्या शासकीय व्यवहारात जुन्या कागदांची छाननी करून निरुपयोगी कागद काढून टाकण्याच्या क्रियेला ‘निंदणीकरण’ असा शब्द रूढ आहे. हा शब्द शेतीतून आलेला आहे. निंदणी करणाऱ्याला पीक कोणते आणि तण कोणते हे ओळखता यावे लागते. सरसकट उपटण्याला निंदणी म्हणत नाहीत. कागदाच्या बाबतीत हा विवेक शासनाने नियमांत बांधून ठेवला. संगणकाच्या सर्व्हरवर दररोज साचणाऱ्या नोंदींच्या बाबतीत मात्र तो बहुतेक ठिकाणी यंत्राच्या पूर्वनिश्चित मांडणीवर सोडून दिलेला दिसतो.

प्रस्तुत निबंधात या दोन परंपरांचा ऐतिहासिक आढावा घेतला असून त्यासाठी नंदुरबार जिल्ह्याचे उदाहरण समोर ठेवले आहे. जुनी नोंद टिकल्यामुळे न्याय मिळण्याची शक्यता आणि जुनी नोंद टिकल्यामुळे व्यक्तीच्या खाजगीपणाला निर्माण होणारा धोका, या दोन्ही गोष्टींचा संबंध या एकाच जिल्ह्याशी येतो.

उद्दिष्टे :

१) कागदी अभिलेखांच्या वर्गवारी व नाशाच्या पद्धतीचा आढावा घेणे.
२) लिनक्स सर्व्हरवरील लॉग फाइलींच्या व्यवस्थापनाचा उगम व कार्यपद्धती समजून घेणे.
३) वनहक्क व आधार या दोन उदाहरणांच्या आधारे नोंदींच्या आयुर्मर्यादेचा प्रश्न तपासणे.
४) महाविद्यालयीन सर्व्हरसाठी उपयुक्त ठरेल अशी वर्गवारी सुचविणे.

१. रोजकीर्द, रुमाल आणि गठ्ठा :

घडेल ते घडेल त्या क्रमाने लिहून ठेवणे ही कल्पना मराठी लेखनव्यवहाराला नवी नाही. हिशेबाच्या परंपरेत दिवसाचा जमाखर्च ‘रोजकिर्दी’त उतरत असे. त्यावरून पुढे खतावणी होई आणि अनेक दिवसांच्या नोंदींचा गोषवारा ‘तेरजे’त येई. पेशवाईतील असे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवले जात. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमालांतून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात प्रसिद्ध झाले. ज्या कारकुनाने एखाद्या दिवसाचा खर्च लिहिला, त्याच्या डोळ्यांपुढे इतिहासकार नव्हता. त्याला केवळ हिशेब चुकता करावयाचा होता. नोंदीचा पहिला उपयोग आणि तिचा शेवटचा उपयोग यांत किती अंतर पडू शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

ब्रिटिश काळात व त्यानंतर महसूल प्रशासनात कागदांचा पसारा वाढला, तेव्हा ‘सर्व ठेवा’ हे धोरण अशक्य ठरले. त्यातून वर्गवारीची पद्धत रुजली. महाराष्ट्रात आजही कार्यालयीन अभिलेखांचे साधारणतः ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘क-१’ आणि ‘ड’ असे वर्ग पाडले जातात. ‘अ’ वर्गाचे कागद कायम, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, ‘क’ वर्गाचे दहा वर्षे, ‘क-१’ वर्गाचे पाच वर्षे आणि ‘ड’ वर्गाचे एक वर्ष ठेवावयाचे असतात. लिपिकाच्या टेबलावरील कागदांसाठी ‘सहा गठ्ठे पद्धत’ आहे. चालू प्रकरणे, प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवावयाची प्रकरणे आणि नाश करावयाचे कागद असे ते सहा गठ्ठे होत. १९८० च्या दशकात तत्कालीन अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यात जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन सुधारणांचा जो प्रयोग केला आणि जो पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ओळखला गेला, त्यातही अभिलेखांची नीट लावणी हे महत्त्वाचे अंग होते.

या पद्धतीची दोन वैशिष्ट्ये येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. पहिले असे की, कागदाचे आयुष्य तो निकाली निघतानाच ठरते. कपाट भरल्यावर नव्हे. दुसरे असे की, नाश हाही नोंदविण्याजोगा व्यवहार मानला जातो. काय नष्ट केले याची यादी होते आणि त्याला अधिकाऱ्याची मान्यता लागते. केंद्राच्या सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ ने या प्रथेला कायद्याचे बळ दिले. विहित रीतीशिवाय सार्वजनिक अभिलेख नष्ट करता येत नाही आणि १८९२ पूर्वीचा अभिलेख तर अगदी जीर्ण होऊन निरुपयोगी झाल्याखेरीज नष्ट करता येत नाही, अशी तरतूद त्यात आहे. विशेष म्हणजे संगणकाने निर्माण केलेली सामग्रीही या अधिनियमाने अभिलेखाच्या व्याख्येत घेतली. महाराष्ट्राने आपला स्वतंत्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५ मध्ये केला.

२. नंदुरबार : टिकलेल्या कागदाचे मोल

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे त्याचे सहा तालुके होत. या भूप्रदेशाचा प्रशासकीय इतिहास मात्र अनेक नावांखाली विखुरलेला आहे. १८१८ नंतरचा खानदेश, १९०६ च्या विभाजनानंतरचा पश्चिम खानदेश, राज्यनिर्मितीनंतरचा धुळे आणि १९९८ नंतरचा नंदुरबार अशा चार नावांचा मागोवा एखाद्या गावाचा जुना कागद शोधताना घ्यावा लागतो. जिल्ह्याचे नाव बदलले तरी कागदाची गरज बदलत नाही.

ही गरज किती खोल असू शकते, हे वनहक्कांच्या प्रश्नातून दिसून आले. अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वन हक्क मान्यता) अधिनियम, २००६ नुसार वनजमिनीवरील वैयक्तिक ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा असल्याचे दाखवावे लागते. इतर पारंपरिक वननिवासींना तर तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. नियमांनी पुराव्याची व्याख्या उदार ठेवली आहे. गॅझेटियर, जनगणना, नकाशे, कार्य आयोजना, वनविभागाचे इतर अभिलेख, न्यायालयीन आदेश, शिधापत्रिका, घरपट्टीच्या पावत्या, जमिनीवरील प्रत्यक्ष खुणा आणि गावातील वृद्धांचे कथन यांचा त्यात समावेश होतो.

सातपुड्यातील भिल्ल व पावरा कुटुंबांच्या दृष्टीने या यादीत एक विलक्षण विरोधाभास दडलेला आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा सातबारा ज्यांच्या नावावर नव्हता, त्यांच्याविषयी शासकीय कागद तयार होत असे तो बहुधा अतिक्रमणाच्या निमित्ताने. दंडाची पावती आणि वनगुन्ह्याची नोंद हे कागद त्या माणसाला गुन्हेगार ठरविण्यासाठी लिहिले गेले होते. कालांतराने तोच कागद ‘हा मनुष्य त्या वर्षी त्या जमिनीवर होता’ असे सांगणारा पुरावा ठरू शकला. घरातील पत्र्याच्या पेटीत पावती टिकली तर दाव्याला आधार मिळतो. पावती हरवली आणि कार्यालयातील स्थळप्रतही मुदत संपून नष्ट झाली, तर दाव्याचा भार वृद्धांच्या साक्षीवर आणि जमिनीवरील खुणांवर येऊन पडतो. नाश करणाऱ्याने नियमबाह्य काही केलेले नसते. तरीही ज्या उपयोगाची कल्पना नोंद करणाऱ्यालाही नव्हती, तो उपयोग त्या नाशाबरोबर संपतो. निंदणीकरणातील जोखीम ती हीच.

३. सर्व्हरवरील रोजकीर्द : लॉग फाइल

‘लॉग’ हा शब्द जहाजाच्या व्यवहारातून आला. वेग मोजण्यासाठी दोरीला बांधलेला लाकडाचा ठोकळा पाण्यात सोडत. त्यावरून काढलेला वेग ज्या वहीत लिहीत ती लॉगबुक. संगणकावर हीच कल्पना उतरली. कोण आत आले, कोणती सेवा सुरू झाली, कोठे चूक झाली याची वेळेसह ओळ लिहिली जाऊ लागली. १९८० च्या दशकात अमेरिकेतील बर्कले येथे एरिक ऑलमन यांनी ‘सेंडमेल’ या टपाल प्रणालीसाठी ‘सिसलॉग’ची रचना केली. पुढे युनिक्स कुळातील प्रणालींनी तिचा सर्रास स्वीकार केला. १९९१ मध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्समध्येही हीच परंपरा आली आणि ‘व्हार’ या निर्देशिकेतील ‘लॉग’ हे दालन सर्व्हरचा दप्तरखाना बनले.

लॉगचे महत्त्व १९८६ मधील एका प्रसंगाने जगापुढे आले. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत संगणक-वापराच्या हिशेबात ७५ सेंटचा फरक आढळला. क्लिफर्ड स्टॉल या खगोलशास्त्रज्ञाने त्याचा माग काढला, तेव्हा त्यामागे परदेशातून होणारी घुसखोरी उघड झाली. घुसखोराची प्रत्येक हालचाल स्टॉल यांनी छपाईयंत्रावर कागदावर उतरवून घेतली होती. संगणकातील नोंद घुसखोर पुसू शकतो. दुसरीकडे उतरवलेली नोंद त्याच्या हाती लागत नाही. आज महत्त्वाचे लॉग त्याच सर्व्हरवर न ठेवता वेगळ्या लॉग-सर्व्हरकडे पाठविण्याची जी शिफारस केली जाते, तिचे कारणही हेच आहे.

परंतु लॉग वाढतच राहतो. डिस्क पूर्ण भरली की केवळ नवी नोंद थांबते असे नाही. विदासंचय, टपाल आणि संकेतस्थळ या सेवाही लिहिण्यास जागा नसल्यामुळे कोलमडू शकतात. यावर उपाय म्हणून १९९० च्या दशकात रेड हॅट कंपनीत एरिक ट्रोन यांनी ‘लॉगरोटेट’ हे साधन लिहिले. त्याची रीत सहा गठ्ठ्यांची आठवण करून देणारी आहे. ठरलेल्या दिवशी चालू फाइलीला १ हा क्रमांक मिळतो, आधीची १ क्रमांकाची फाइल २ होते, २ ची ३ होते आणि शेवटच्या क्रमांकापलीकडे गेलेली फाइल पुसली जाते. जुन्या फाइली दाबून लहान करता येतात. नुकतीच बाजूला काढलेली फाइल लगेच दाबू नये अशीही सोय आहे, कारण एखादा प्रोग्राम अजून तिच्यातच लिहीत असण्याची शक्यता असते.

यातील एक तांत्रिक बारकावा सर्व्हर सांभाळणाऱ्यांना अनेकदा चकवितो. चालू प्रोग्रामने उघडून ठेवलेली फाइल हाताने पुसली, तर तिचे नाव यादीतून जाते. पण प्रोग्राम ती सोडत नाही तोपर्यंत डिस्कवरील जागा मोकळी होत नाही. म्हणून मोठा लॉग थेट पुसण्याऐवजी तो फिरवणे आणि संबंधित सेवेला नवी फाइल उघडण्याची सूचना देणे, हा योग्य मार्ग ठरतो. २०११ मध्ये आलेल्या ‘सिस्टिमडी’च्या ‘जर्नल’ने आकाराची मर्यादा हे तत्त्व पुढे आणले. स्वतंत्र मर्यादा ठरविली नसेल, तर कायमस्वरूपी साठविलेला जर्नल त्या विभागाच्या दहा टक्क्यांपर्यंत आणि फार तर चार गिगाबाइटपर्यंत वाढतो. त्यापुढे जुन्या नोंदी आपोआप गळतात.

येथे कागद आणि सर्व्हर यांतील मूलभूत फरक स्पष्ट होतो. अनेक लिनक्स वितरणांत लॉगरोटेटची मूळ मांडणी ‘दर आठवड्याला फिरवा आणि चार जुन्या प्रती ठेवा’ अशी असते. म्हणजे ज्या संस्थेत कोणीही काही ठरविलेले नाही, तेथे साधारण महिनाभराचे धोरण आपोआप लागू झालेले असते. प्रत्येक फाइल शेवटची केव्हा फिरविली, एवढेच लॉगरोटेट एका लहानशा फाइलीत लिहून ठेवते. काय पुसले गेले आणि कोणाच्या मान्यतेने, याची यादी तेथे नसते. अभिलेख कक्षात ज्या निर्णयासाठी वर्ग, मुदत आणि स्वाक्षरी लागते, तो निर्णय सर्व्हरवर रात्री कोणाच्याही नकळत पार पडतो.

४. टेंभली : मुदत न ओलांडण्याचे मोल

वनहक्काच्या उदाहरणावरून ‘काहीही नष्ट करू नये’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. नंदुरबार जिल्ह्यातीलच दुसरे उदाहरण या मोहाला आवर घालते. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावात तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिल्या आधार क्रमांकांचे वाटप झाले. ज्याच्याजवळ ओळखीचा कागद नाही त्याला ओळख देणे, हा त्या योजनेचा जाहीर हेतू होता आणि त्यासाठी टेंभलीची निवड प्रतीकात्मक होती.

आधारचा क्रमांक एकदाच मिळतो. परंतु त्याच्या प्रत्येक वापराने सर्व्हरवर एक नोंद उमटते. कोणत्या संस्थेने, केव्हा पडताळणी मागितली आणि उत्तर होकारार्थी आले की नकारार्थी, अशी ती नोंद असते. पडताळणीचा हेतू प्राधिकरणाने नोंदवू नये असे २०१६ च्या आधार अधिनियमानेच सांगितले आहे. तरीही संस्थेचे नाव आणि वेळ यांची वर्षानुवर्षांची साखळी जुळविली, तर माणसाच्या दैनंदिन आयुष्याचा आलेख उभा राहू शकतो. २०१६ च्या प्रमाणीकरणविषयक विनियमांनी प्राधिकरणाकडील या नोंदी सहा महिने ठेवून पुढे पाच वर्षे संग्रहित करण्याची तरतूद केली होती.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी पुट्टस्वामी प्रकरणातील निकालात चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार योजना मुख्यतः वैध ठरविली; परंतु प्रमाणीकरणाच्या नोंदी सहा महिन्यांपलीकडे ठेवण्यास मनाई केली आणि पाच वर्षांच्या संग्रहाची तरतूद अवैध ठरविली. नोंद नष्ट होणे हा नागरिकाच्या संरक्षणाचा भाग आहे, हे तत्त्व येथे स्पष्ट झाले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमातही हेतू संपल्यावर वैयक्तिक विदा पुसण्याचे कर्तव्य सांगितलेले आहे.

या प्रश्नाला दुसरीही बाजू आहे. स्वस्त धान्य दुकानातील यंत्रावर ठसा जुळला नाही आणि कुटुंब रिकाम्या हाताने परतले, तर ‘आम्ही आलो होतो’ याचा पुरावा म्हणजे ती अपयशी पडताळणीची ओळच होय. आधारधारकाला आपल्या मागील सहा महिन्यांतील पडताळण्यांच्या नोंदी, एका वेळी कमाल ५०, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. मात्र त्यासाठी नोंदणीकृत मोबाइलवर येणारा संकेतांक लागतो. ज्या पाड्यावर मोबाइलची जोडणी क्षीण आहे, तेथील माणसासाठी सहा महिन्यांची मुदत शहरातील माणसापेक्षा लवकर संपते. म्हणजे मुदत किती, या प्रश्नाइतकाच त्या मुदतीत नोंद कोणाला पाहता येते, हा प्रश्नही महत्त्वाचा आहे.

५. किमान आणि कमाल :

‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, विदा केंद्रे, निगम संस्था आणि शासकीय संस्था यांनी आपल्या संगणक प्रणालींचे लॉग सलग १८० दिवसांचे सुरक्षित ठेवणे बंधनकारक झाले. २०१८ च्या निकालातील सहा महिने ही कमाल मर्यादा आहे, तर २०२२ च्या निर्देशांतील १८० दिवस ही किमान मर्यादा आहे. कालावधी जवळजवळ एकच. पण एका ठिकाणी व्यक्तीचा माग राहू नये हा हेतू आहे आणि दुसऱ्या ठिकाणी घुसखोराचा माग लागावा हा हेतू आहे. यावरून नोंदीचे आयुष्य तिच्या आकारावरून किंवा वयावरून नव्हे, तर हेतूवरून ठरवावे लागते, हे उघड होते. आठवड्याला एक याप्रमाणे चार प्रती ठेवणारी मूळ मांडणी १८० दिवसांच्या अटीत बसत नाही. त्यासाठी किमान २६ आठवड्यांच्या प्रती लागतात.

हा विचार महाविद्यालयांनाही लागू पडतो. अनेक महाविद्यालयांचे ग्रंथालय ‘कोहा’ या लिनक्सवर चालणाऱ्या मुक्तस्रोत प्रणालीवर आहे, काहींचे अध्यापन ‘मूडल’वर चालते. तेथील लॉगसाठी दप्तरातील वर्गवारीचा पुढीलप्रमाणे उपयोग करता येईल. निकाल, प्रवेश आणि दाखले यांत कोणी केव्हा बदल केला याची नोंद ‘अ’ वर्गात धरून ती लॉग फाइलीतून काढून कायम अभिलेखात न्यावी. प्रवेश-निर्गमन आणि सुरक्षेचे लॉग किमान १८० दिवस, शक्यतो वेगळ्या सर्व्हरवर ठेवावेत. संकेतस्थळाच्या भेटींचे लॉग मुदतीनंतर पुसून केवळ आकडेवारीची तेरीज ठेवावी. चुका शोधण्यासाठी तात्पुरता सुरू केलेला तपशीलवार लॉग हा खरा ‘ड’ वर्ग. काम संपताच तो बंद करून पुसावा. कोणत्या विद्यार्थ्याने कोणते पुस्तक वाचले, हा तपशील ग्रंथ परत आल्यावर अनाम करण्याची सोय कोहामध्ये आहे. जुन्या नोंदी नियमित छाटण्याचीही आहे. या सोयींचा वापर करावा की नाही, हा निर्णय ग्रंथालय समितीचा आहे. तो तंत्रसाहाय्यकावर सोडू नये.

निष्कर्ष :

१) लॉग फाइल हे रोजकिर्दीचेच आधुनिक रूप असून तिचे व्यवस्थापन हा अभिलेखशास्त्राचा विषय आहे, तो केवळ डिस्कवरील जागेचा प्रश्न नाही.
२) वनहक्काच्या उदाहरणातून नोंदीचा भावी उपयोग तिच्या मूळ हेतूपेक्षा वेगळा, किंबहुना विरुद्धही असू शकतो, हे दिसून येते.
३) आधारच्या उदाहरणातून अमर्याद जतन हाही अन्याय ठरू शकतो, हे दिसून येते.
४) या दोन्ही बाजूंचा तोल सांभाळण्यासाठी नोंद सुरू होतानाच तिचा हेतू, मुदत आणि ती पाहण्याचा अधिकार लेखी ठरविणे आवश्यक आहे.
५) सर्व्हरवरील नाशालाही यादी आणि मान्यता असावी. अभिलेख कक्षाची ही जुनी शिस्त सर्व्हरला जशीच्या तशी लागू पडते.

समारोप :

टेंभलीतील ओळख-क्रमांकाची नोंद आणि सातपुड्याच्या डोंगरातील दंडाची पावती यांत काळाचे व तंत्राचे मोठे अंतर आहे. दोन्हींच्या मागे मात्र एकच माणूस उभा आहे. त्याच्याविषयी लिहिलेले काय राहावे आणि काय जावे, हे ठरविताना त्याचा विचार झाला तरच त्या क्रियेला निंदणी म्हणता येईल. अन्यथा ती केवळ कापणी ठरेल.